शहराच्या वेशीवरील नवी वसाहत : फ्रायबुर्गच्या ‘वोबान’चा आराखडा

शहर वाढते तेव्हा ते प्रथम आपल्या कडेने वाढते. वेशीबाहेरची शेते, ओसाड माळ, बंद पडलेल्या कारखान्यांची आवारे यांवर इमारती उभ्या राहतात. रस्ते मागाहून येतात, बस त्याहून उशिरा येते आणि शाळा व दवाखान्यांची वाट पाहण्यात एक पिढी निघून जाते. हा क्रम उलटा करता येईल काय, म्हणजे आधी वाहतूक, पाणी, उष्णता आणि मोकळी जागा यांचा विचार करून मग घरे बांधता येतील काय, या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर शोधण्याचा प्रयत्न ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराच्या ‘वोबान’ या वसाहतीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. नगररचनेच्या अभ्यासकांसाठी हे ठिकाण आता जवळजवळ तीर्थक्षेत्र झाले आहे. तीर्थक्षेत्राचे जे होते ते येथेही झाले असून, माहात्म्य पुष्कळ सांगितले जाते आणि तपशील कमी. वस्तुतः वोबानचे महत्त्व तपशिलातच आहे.

फ्रायबुर्ग हे जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशाच्या पायथ्याशी वसलेले सुमारे सव्वादोन लाख वस्तीचे विद्यापीठनगर आहे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमा येथून जवळ आहेत. शहराच्या मध्यापासून दक्षिणेला सुमारे तीन किलोमीटरवर वोबान आहे. क्षेत्रफळ सुमारे ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकरांच्या आसपास, आणि लोकसंख्या साडेपाच हजारांच्या घरात. आपल्याकडील एखाद्या उपनगरातील दोन-चार मोठ्या गृहसंकुलांत मावतील एवढीच ही माणसे. तथापि त्यांच्या घरांभोवतीचे रस्ते, वाहनतळ, ओढा आणि झाडे यांबाबत जे निर्णय झाले, ते पुढे अनेक देशांतील नगररचनाकारांनी तपासून पाहिले.

छावणीची जागा

वसाहतीचे नाव सतराव्या शतकातील फ्रेंच लष्करी अभियंता सेबास्तियाँ द वोबाँ याच्यावरून पडले. किल्ले बांधण्यात आणि किल्ले जिंकण्यात हातखंडा असलेल्या या माणसाने फ्रायबुर्गचीही तटबंदी उभारली होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या जागेवर जर्मन सैन्याच्या बराकी बांधल्या गेल्या. युद्धानंतर हा भाग फ्रेंच अमलाखाली आला आणि बराकींत फ्रेंच पलटणी राहू लागल्या. छावणीला वोबानचे नाव त्यांनीच दिले. शीतयुद्ध संपले, दोन्ही जर्मनी एक झाले आणि १९९२ मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेले. शहराला अगदी लागून असलेली एवढी मोठी जागा एका झटक्यात मोकळी झाली.

त्या काळी फ्रायबुर्गमध्ये घरांची तीव्र टंचाई होती. विद्यार्थ्यांना खोल्या मिळत नव्हत्या, तरुण कुटुंबे आसपासच्या खेड्यांत जाऊन राहत होती आणि तेथून रोज मोटारीने शहरात येत होती. शहरातून कर देणारी माणसे जात होती आणि त्यांच्या मोटारी मात्र शहरात येत होत्या. पालिकेला ही दुहेरी हानी थांबवायची होती. मोकळ्या झालेल्या जागेपैकी मोठा भाग पालिकेने केंद्र सरकारकडून विकत घेतला. त्यासाठी सुमारे चार कोटी मार्क मोजावे लागले. काही जुन्या बराकी विद्यार्थी निवासासाठी गेल्या. आणखी काही इमारती ‘झुझी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गटाकडे आल्या. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वस्त घरे हवीत म्हणून या गटातील मंडळींनी रिकाम्या बराकी पाडण्यास विरोध केला आणि त्या स्वतः दुरुस्त करून तेथे राहण्याचा हक्क मिळविला. आज नव्या, रंगीत इमारतींच्या शेजारी या जुन्या बराकी उभ्या आहेत. वसाहतीत थोडेफार सामाजिक वैविध्य टिकले आहे ते बरेचसे त्यांच्यामुळे.

हे सारे फ्रायबुर्गमध्येच का घडले, याची कारणे शहराच्या आधीच्या वीस वर्षांत सापडतात. १९७० च्या दशकात युरोपातील अनेक शहरे ट्रॅम उखडून टाकत असताना फ्रायबुर्गने ती राखली आणि वाढविण्याचे ठरविले. त्याच सुमारास शहराचा मध्यभाग पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्यात आला. १९७५ मध्ये जवळच्या व्हील या गावी होऊ घातलेल्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध द्राक्षमळ्यांचे शेतकरी, विद्यार्थी आणि शहरातील मध्यमवर्ग एकत्र उभे राहिले. तो प्रकल्प अखेर झाला नाही. अणुऊर्जा नको तर वीज येणार कोठून, हा प्रश्न आंदोलकांनी स्वतःलाच विचारला आणि त्यातून सौरऊर्जा, घरबांधणीतील ऊर्जाबचत यांविषयी काम करणारी एक पिढी तयार झाली. १९९२ मध्ये नगर परिषदेने ठराव केला की, पालिकेच्या मालकीच्या जमिनीवर जे बांधकाम होईल ते कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांचेच असले पाहिजे. जमीन पालिकेची असल्यामुळे हा ठराव अमलात येऊ शकला. खासगी जमिनीवर ही अट घालणे इतके सोपे झाले नसते.

आराखडा आणि रहिवासी

१९९४ मध्ये नगररचनेची स्पर्धा घेण्यात आली आणि श्टुटगार्ट येथील कोलहोफ व कोलहोफ या वास्तुविशारद संस्थेचा आराखडा निवडला गेला. त्याच वर्षी ‘फोरम वोबान’ ही नागरिकांची संस्था स्थापन झाली. पुढच्या वर्षी पालिकेने तिला लोकसहभागाची अधिकृत जबाबदारी दिली. जर्मन कायद्यानुसार आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक असतेच, आपल्याकडेही असते. फरक असा की, येथे आराखडा पूर्ण झाल्यावर हरकती मागविण्याऐवजी तो तयार होत असतानाच भावी रहिवासी त्यात सामील झाले. ‘शिकत शिकत नियोजन’ असे या पद्धतीला म्हटले गेले. नगर परिषदेची एक विशेष समिती, पालिकेच्या अधिकाऱ्यांचा प्रकल्प गट आणि फोरम असे तीन कोन त्यात होते. परिषदेच्या समितीत सर्व पक्षांचे सदस्य असत आणि फोरमचे प्रतिनिधी तेथे मत मांडू शकत, निर्णय मात्र परिषदेचाच असे.

या संबंधांत सारे काही गोडीगुलाबीचे नव्हते. पालिकेला घरे लवकर हवी होती, कारण जमिनीच्या विक्रीतूनच रस्ते, गटारे, शाळा यांचा खर्च भागवायचा होता. फोरमला मोटारी कमी, झाडे जास्त आणि घरे स्वस्त हवी होती. वुल्फ डासेकिंग हे १९८४ ते २०१२ या काळात शहराचे नियोजनप्रमुख होते. एकच माणूस एवढा दीर्घ काळ त्या खुर्चीवर राहिला ही गोष्ट वोबानच्या यशात नोंद घ्यावी अशी आहे. फोरम मात्र टिकली नाही. २००४ मध्ये ती आर्थिक अडचणीत सापडून बंद झाली आणि तिचे काम स्थानिक रहिवाशांच्या संघटनेकडे गेले. १९९६ मध्ये इस्तंबूल येथील संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतविषयक परिषदेत याच उपक्रमाचा आदर्श म्हणून गौरव झाला होता.

जमीन विकताना पालिकेने जो मार्ग अवलंबिला, तो कदाचित संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत परिणामकारक निर्णय होय. सगळी जागा एखाद्या मोठ्या बांधकाम व्यावसायिकाला न देता तिचे लहान लहान भूखंड पाडण्यात आले आणि ते देताना ‘बाउग्रुपं’ म्हणजे बांधकाम गटांना प्राधान्य मिळाले. दहा, पंधरा, वीस कुटुंबे एकत्र येत, वास्तुविशारद नेमत, भूखंडासाठी अर्ज करीत आणि आपली इमारत आपणच बांधून घेत. आपल्याकडील जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची येथे आठवण व्हावी. बिल्डरचा नफा आणि जाहिरातीचा खर्च वाचल्यामुळे घर तुलनेने स्वस्त पडे, पण त्याहून मोठा लाभ निराळाच होता. दोन-तीन वर्षे बैठकांत भांडून, हिशेब करून, फरशीच्या रंगापासून जिन्याच्या जागेपर्यंत वाद घालून ही कुटुंबे राहायला येण्यापूर्वीच एकमेकांना ओळखू लागत. प्रत्येक गटाची इमारत वेगळी असल्याने वसाहतीला एकाच साच्यातील कंटाळवाणेपणाही आला नाही. सुट्या बंगल्यांना मात्र मनाई होती आणि उंची साधारण चार मजल्यांपर्यंत मर्यादित ठेवण्यात आली. बंगल्यांची मनाई ही केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. विरळ वस्तीला ट्रॅम परवडत नाही, हे त्यामागचे गणित होते.

नव्या घरांचे बांधकाम १९९८ मध्ये सुरू झाले.

मोटारींचा प्रश्न

वोबानला ‘मोटारमुक्त’ म्हणण्याची प्रथा पडली आहे, ती बरोबर नाही. मोटार बाळगण्यास येथे बंदी नाही. वसाहतीच्या मोठ्या भागात घराशेजारी मोटार उभी करण्यास बंदी आहे. सामान उतरविण्यासाठी, आजारी माणसाला नेण्यासाठी मोटार दारापर्यंत आणता येते, पण ती तेथे ठेवता येत नाही. ज्याला मोटार हवी त्याने वसाहतीच्या कडेला असलेल्या दोन बहुमजली वाहनतळांपैकी एकात जागा विकत घ्यायची. त्या जागेची किंमत सुमारे अठरा हजार युरो होती. शिवाय देखभालीचा खर्च वेगळा. म्हणजे मोटार उभी करण्याचा खरा खर्च, जो एरवी सर्व रहिवाशांच्या घराच्या किमतीत निमूटपणे मिसळून जातो, तो येथे मोटारमालकाकडूनच वसूल होतो.

कायद्याची अडचण मात्र होती. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या बांधकाम नियमांनुसार प्रत्येक घरामागे मोटारीसाठी एक जागा दाखविणे बंधनकारक होते. घरमालकाकडे मोटार असो वा नसो, जागा हवीच. या पेचातून जो मार्ग काढण्यात आला, तो नोकरशाहीच्या इतिहासात नोंद करून ठेवावा असा आहे. मोटारविरहित राहणाऱ्यांची एक संस्था स्थापन करण्यात आली. मोटार नसलेले कुटुंब दरवर्षी तसे लेखी प्रतिज्ञापत्र देते आणि संस्थेला एकरकमी काही हजार युरो भरते. त्या पैशातून संस्थेने वसाहतीच्या कडेला जमिनीचा एक तुकडा राखून ठेवला. भविष्यात सर्वांनीच मोटारी घेतल्या तर तेथे तिसरे वाहनतळ बांधता यावे, यासाठी. कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक घरामागची जागा अशा रीतीने ‘दाखविली’ गेली. प्रत्यक्षात त्या तुकड्यावर वाहनतळ झालेच नाही आणि ती जागा लोकांना बसण्या-खेळण्यासाठी मोकळी राहिली.

अंतर्गत रस्त्यांवर वाहनांनी पायी चालण्याच्या वेगाने जायचे असते आणि मुलांना रस्त्यावर खेळण्याचा हक्क असतो. मुख्य रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. अंतर्गत रस्ते कमानीच्या आकाराचे असून एकीकडून आत शिरून दुसरीकडे वेगाने निघून जाता येत नाही. त्यामुळे ज्याला आत काम नाही तो आत येतच नाही. पादचारी आणि सायकलस्वारांसाठी मात्र वाटा आरपार आहेत. सायकलीची जागा घराच्या दाराशी आणि मोटार पाच मिनिटे चालत जाण्याच्या अंतरावर असली की सकाळी घाईच्या वेळी माणूस काय उचलतो, हे सांगायला नको. वोबानमध्ये हजार रहिवाशांमागे मोटारींचे प्रमाण फ्रायबुर्गच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असल्याचे आढळून आले.

पळवाटाही निघाल्या. काही कुटुंबांनी मोटार आईवडिलांच्या नावावर ठेवली, काहींनी शेजारच्या वस्तीत नेऊन उभी केली आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. प्रतिज्ञापत्रे तपासायची कोणी आणि शेजाऱ्याची तक्रार करायची कोणी, हे प्रश्न वसाहतीच्या सभांतून वारंवार निघत राहिले. मोटारीच्या सामायिक वापराची सेवा, म्हणजे गरजेपुरती मोटार तासावर घेण्याची सोय, वसाहतीतच उपलब्ध असल्याने हा ताण बराच हलका झाला.

ट्रॅम येथे २००६ मध्ये आली. म्हणजे पहिली नवी घरे उभी राहू लागल्यानंतर जवळपास आठ वर्षांनी. तोपर्यंत बसवर भागवावे लागले आणि जे रहिवासी मोटार घेऊन आले त्यांची सवय तशीच राहिली. याउलट शहराच्या पश्चिमेला त्याच सुमारास उभारलेल्या रीझेलफेल्ड या दुसऱ्या नव्या वसाहतीत १९९७ मध्येच, म्हणजे पहिले रहिवासी येऊन फार दिवस झाले नव्हते तोच, ट्रॅम धावू लागली होती. ट्रॅम लवकर आणण्याचा हा निर्णय रीझेलफेल्डने वोबानपेक्षा चांगला घेतला, असे म्हणावे लागेल. वोबानमध्ये ट्रॅमचे रूळ हिरवळीत टाकलेले आहेत. गवतामुळे आवाज कमी होतो आणि पाऊस जमिनीत मुरतो. वसाहतीतील बहुतेक घरांपासून थांबा चालत जाण्याच्या टप्प्यात आहे.

ऊब, ऊन आणि पाणी

फ्रायबुर्ग हे जर्मनीतील सर्वाधिक उन्हाच्या शहरांपैकी एक मानले जाते. तरीही तेथील हिवाळा कडक असतो आणि घरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा घर उबदार ठेवण्यावर जातो. वोबानमधील प्रत्येक नव्या घराला उष्णतेसाठी वर्षाला चौरस मीटरमागे ६५ किलोवॉट-तासांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये, अशी अट होती. त्याहून पुढे जाणारी ‘पॅसिव्ह’ घरे शंभरावर बांधली गेली. त्यांना सुमारे १५ किलोवॉट-तास पुरतात. जाड उष्णतारोधक भिंती, तीन काचांच्या खिडक्या आणि आत येणाऱ्या ताज्या हवेला बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब देणारी वायुवीजन यंत्रणा यांमुळे अशा घरात हिवाळ्यातही फारशी शेगडी पेटवावी लागत नाही. माणसांच्या अंगची, चुलीची आणि उन्हाचीच ऊब बव्हंशी भागते. १९९९ मध्ये पूर्ण झालेली ‘राहणे व काम करणे’ या नावाची बहुमजली पॅसिव्ह इमारत या प्रकारातील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी होय. उरलेली उष्णता आणि वीज लाकडाच्या चिपा व नैसर्गिक वायू यांवर चालणाऱ्या स्थानिक केंद्रातून नळांद्वारे घरोघर पोहोचविली जाते.

वोबानच्या पूर्वेस, रस्त्यापलीकडे वास्तुविशारद रोल्फ डिश यांची ‘सौर वसाहत’ आहे. वर्षाकाठी वापरापेक्षा जास्त वीज निर्माण करणारी ५९ घरे तेथे आहेत. दक्षिणेकडे कललेली सौरपट्ट्यांची छपरे, हिवाळ्यातील तिरपे ऊन आत यावे पण उन्हाळ्यातील उभे ऊन अडावे अशा बेताने पुढे काढलेली छज्जे ही त्यांची ओळख. अपारंपरिक विजेला ठरावीक दर देणारा जो कायदा जर्मनीत सन २००० मध्ये झाला, त्यामुळे या जादा विजेचे पैसे मिळू लागले आणि घरांचा हिशेब जमला. असा दर नसता तर ही घरे प्रदर्शनापुरतीच उरली असती.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. पॅसिव्ह घराचे तंत्र थंड हवामानासाठी विकसित झालेले आहे. पुणे वा नागपूरसारख्या ठिकाणी प्रश्न ऊब टिकविण्याचा नसून ऊन अडविण्याचा असतो. तेथे तीन काचांच्या खिडक्यांपेक्षा सावली, वाऱ्याची दिशा आणि पांढरी गच्ची जास्त कामाची. वोबानकडून उचलण्याजोगी गोष्ट एवढीच की, इमारतीच्या दिशा, अंतरे आणि उंची आराखड्याच्या टप्प्यावरच हवामान पाहून ठरविण्यात आल्या होत्या.

पाण्याचा विचारही तसाच झाला. रस्त्याच्या कडेने उथळ, गवती चर ठेवलेले असून छपरांवरचे आणि रस्त्यांवरचे पावसाचे पाणी त्यांत येते व जमिनीत मुरते. सपाट छपरांवर हिरवळ लावण्याचा आग्रह धरण्यात आला. वसाहतीच्या दक्षिण कडेने वाहणारा ओढा बंदिस्त न करता त्याच्या काठची झाडी राखून ठेवण्यात आली. छावणीच्या काळातील मोठे वृक्ष शक्य तेथे वाचवून इमारतींच्या रेषा त्यांच्याभोवती आखण्यात आल्या. चाळीस-पन्नास वर्षांचा वृक्ष कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही, त्यामुळे नवी वसाहत पहिल्या दिवसापासूनच जुनी, रुळलेली वाटू लागली. इमारतींच्या ओळींमधून हिरवे पट्टे सोडलेले आहेत. दक्षिणेकडील टेकड्यांवरून रात्री उतरणारी थंड हवा त्यांतून वस्तीत शिरते. या पट्ट्यांत काय असावे, झोपाळा, वाळूचा हौद की नुसते गवत, हे लगतच्या रहिवाशांशी चर्चा करून ठरविण्यात आले.

उणी बाजू

वसाहतीविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप तिच्या रहिवाशांविषयीचा आहे. येथे येऊन राहिले ते मुख्यतः शिकलेले, मध्यमवर्गीय, पर्यावरणाविषयी आस्था असलेले आणि लहान मुले असलेले लोक. सुरुवातीच्या वर्षांत मुलांचे प्रमाण इतके होते की प्राथमिक शाळा अपुरी पडली. मतदानात ग्रीन पक्षाला येथे मिळणारा पाठिंबा तर शहरातील इतर भागांनाही चकित करणारा असतो. सवलतीच्या भाड्याच्या घरांचा वाटा मुळात ठरविला होता तेवढा राहिला नाही, कारण त्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान आटत गेले. पुढे वसाहतीची ख्याती वाढली तशा घरांच्या किमती वाढल्या आणि जी कुटुंबे १९९८ मध्ये येथे घर बांधू शकली, तशांना आज ते परवडणार नाही अशी स्थिती आली. पर्यावरणस्नेही वस्ती उत्तम झाली की ती महाग होते, आणि महाग झाली की ज्यांना मोटार परवडते त्यांच्याच ती वाट्याला येते. या विसंगतीचे उत्तर वोबानमध्ये सापडलेले नाही.

२०११ मध्ये वसाहतीच्या प्रवेशाजवळच्या एका मोकळ्या भूखंडावर जुन्या गाड्यांत आणि ट्रेलरांत राहणाऱ्या तरुणांच्या गटाला पोलिसांकरवी हटविण्यात आले. ज्या वसाहतीचा एक भाग रिकाम्या बराकी न सोडणाऱ्यांनी वसविला, तेथेच हे घडले, याची त्या वेळी बरीच चर्चा झाली.

शेतजमिनीवरचा नवा प्रयोग

वोबान छावणीच्या जागेवर आणि रीझेलफेल्ड शहराचे सांडपाणी जिरविण्याच्या जुन्या मैदानावर उभे राहिले. दोन्ही ठिकाणी जमीन एका मालकाची होती आणि तेथे शेतकऱ्यांचा संसार नव्हता. रीझेलफेल्डमध्ये तर एकूण मैदानापैकी सुमारे ७० हेक्टरवरच बांधकाम करून उरलेला मोठा भाग निसर्गासाठी राखून ठेवण्यात आला. फ्रायबुर्गची खरी कसोटी त्यानंतर आली. घरांची टंचाई पुन्हा तीव्र झाली, तेव्हा रीझेलफेल्डच्या शेजारी डिटेनबाख नावाच्या परिसरात सुमारे ६,९०० घरांची, १६ हजार लोकांची नवी वसाहत उभारण्याचे पालिकेने ठरविले. ही जागा मात्र कसलेली शेतजमीन होती आणि तिचे मालक शेकड्यांनी होते.

पालिकेने विकासासाठीच्या विशेष कायद्याचा आधार घेतला. त्यानुसार जमिनीचा भाव वसाहत जाहीर होण्यापूर्वीच्या किमतीवर ठरतो आणि विकासामुळे होणारी वाढ सार्वजनिक सुविधांसाठी वापरता येते. शेतकऱ्यांचा संताप स्वाभाविक होता. काहींना भाव मान्य नव्हता, काहींना भाव कितीही दिला तरी जमीन द्यायची नव्हती. स्थानिक बचत बँकेच्या उपकंपनीने त्याहून बरीच जास्त रक्कम देऊ करून अनेक मालकांशी करार केले, तेव्हा हा तिढा काहीसा सुटला. शेतकरी संघटना आणि पर्यावरणवाद्यांनी मिळून नागरिकांच्या सह्या गोळा केल्या आणि प्रश्न थेट मतदानाला गेला. पर्यावरणासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात पर्यावरणाच्याच नावाने दोन बाजू समोरासमोर आल्या. एकीचे म्हणणे, सुपीक माती एकदा सिमेंटखाली गेली की परत येत नाही. दुसरीचे म्हणणे, घरे येथे झाली नाहीत तर ती दूरच्या खेड्यांत होतील आणि मोटारी वाढतील.

२४ फेब्रुवारी २०१९ रोजी मतदान झाले. मतपत्रिकेवरील प्रश्न ‘डिटेनबाख बांधकामाविना राहावे काय?’ असा होता. त्यामुळे वसाहत हवी असणाऱ्यांना ‘नाही’ असे आणि नको असणाऱ्यांना ‘होय’ असे मत द्यावे लागले. सुमारे ६० टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले आणि वसाहतीचा मार्ग मोकळा झाला. निम्मी घरे सवलतीच्या भाड्याची असावीत, असे उद्दिष्ट येथे ठेवण्यात आले आहे. वोबानच्या अनुभवातून हा धडा घेतला गेला, हे उघड आहे. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तत्कालीन चॅन्सेलर ओलाफ शोल्झ यांच्या उपस्थितीत कामाचा प्रारंभ झाला.

शेतजमिनीचा हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. जमिनी एकत्र करून त्यांची नव्याने आखणी करायची, रस्ते व उद्यानांसाठी प्रत्येकाकडून वाटा घ्यायचा आणि उरलेला भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा, ही ‘नगररचना योजना’ मुंबई प्रांतात १९१५ च्या कायद्याने आली. तिचे नाते १९०२ च्या फ्रँकफर्टच्या, म्हणजे जर्मनीतीलच एका कायद्याशी जोडले जाते. वांद्र्याच्या काही रस्त्यांच्या नावांत ‘टीपीएस’ ही अक्षरे आजही टिकून आहेत, ती याच योजनांची. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही ही तरतूद राहिली. तरी दीर्घ काळ तिचा वापर शेजारच्या गुजरातने जितका केला तितका महाराष्ट्राने केला नाही. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण परिसरासाठी अशी योजना हाती घेतली तेव्हा या साधनाची पुन्हा चर्चा झाली. त्याआधी हडपसर येथे मगर कुटुंबीय आणि इतर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून, स्वतःची कंपनी काढून मगरपट्टा वसविला होता. तेथे शेतकरी विकासाचा भागीदार झाला, पण आराखडा ठरविण्यात पालिकेची भूमिका वोबानइतकी मोठी नव्हती.

डिटेनबाखमध्ये ट्रॅमचा मार्ग आराखड्यातच आखलेला असून तो रीझेलफेल्डकडून वाढविला जाणार आहे. वसाहत हवामानाच्या दृष्टीने तटस्थ असावी, असे पालिकेने ठरविले आहे. घरांची कामे टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षे चालणार आहेत. जमीन लहान भूखंडांत विकायची की मोठ्या संस्थांना द्यायची, बांधकाम गटांचा वाटा किती ठेवायचा, यावर शहरात अजूनही वाद होत असतात.